आपल्या अंगणातील भिंत : बेने इस्राएल लोकांच्या इतिहासावरून एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : गणना, अध्याय १२; लेवीय १९:३३-३४; आमोस ९:७.

पाठाचा हेतू : जो दुसऱ्याच्या दारी न्याय मागतो त्याने आपल्या घरातही न्याय केला पाहिजे, हे समजून घेणे.



परांडे तालुक्यातील सोनारी गावी चैत्रात काळभैरवनाथाची मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून माणसे येतात, आणि त्या गर्दीत कोणाचा खांदा कोणाच्या खांद्यास लागला ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. परंतु यात्रा उठली, माणसे आपापल्या गावी, आपापल्या आळीत परत गेली, म्हणजे पाणी, पंगत आणि सोयरीक ह्यांच्या जुन्या रेषा पुन्हा उमटतात. ह्या रेषा काय आहेत हे खेड्यातील मनुष्यास शिकवावे लागत नाही. ज्याच्या आजोबास विहिरीपाशी उभे राहून कोणीतरी पाणी वाढील म्हणून वाट पाहावी लागली, त्यास अन्याय म्हणजे काय ते पुस्तकाविना कळते.

तरी एक गोष्ट अशी आहे, की जी अन्याय सोसलेल्या मनुष्यासही सहज कळत नाही. ती आज आपण एका लहानशा समाजाच्या इतिहासावरून शिकणार आहोत. हा समाज यहूदी धर्माचा आहे. यहूदी लोकांविषयी आपण शास्त्रात वाचतो, आणि ते कोठे तरी दूर यरुशलेमात राहत असतील असे आपल्यास वाटते. परंतु मराठी बोलणारे, मराठीत आपल्या धर्माची कीर्तने करणारे आणि ज्यांच्या बायका लुगडे नेसत असे यहूदी शेकडो वर्षे आपल्याच महाराष्ट्रात राहत आले आहेत. त्यांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संतती, असे म्हणतात.

१. शनिवार तेली

ह्या लोकांत अशी परंपरा आहे, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यावर अलिबागेजवळ नवगाव येथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. आणि त्यांच्यापासून पुढे हा समाज वाढला. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. इब्री भाषा हळूहळू विसरली गेली. तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता ते आठव्या दिवशी करीत. ज्या मासळीस खवले नाहीत ती खात नसत. देव एकच आहे हे सांगणारी इस्राएलाची जुनी प्रार्थना प्रत्येक मंगल व दुःखद प्रसंगी म्हणत. आणि शब्बाथ पाळीत.

पोटासाठी त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. आजच्या रायगड जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, गावोगाव त्यांचे घाणे असत. शनिवारी मात्र त्यांचा बैल घाण्यास जुंपला जात नसे. म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. गावच्या उतरंडीत तेल्याची जी पायरी तीच त्यांची पायरी ठरली. गावांवरूनच त्यांची आडनावे पडली : किहीमचे ते किहीमकर, दिवेगावचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर.

इंग्रजी अमलात पुष्कळजण मुंबईस आले. कोणी फौजेत शिरले, कोणी सुतारकाम व गवंडीकाम करू लागले, कोणी कारकून झाले. १७९६ साली सामुएल दिवेकर ह्या लष्करी अधिकाऱ्याने मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधिले. मिशनरी लोकांनी काढिलेल्या शाळांत त्यांची मुले शिकली. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली त्यांच्या उपयोगासाठी इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापिले. जुना करार मराठीत वाचावयास मिळाल्यावर आपल्याच पूर्वजांचे चरित्र त्यांस आपल्या भाषेत दिसले. त्यांतील फारच थोड्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बहुतेकांचा आपल्या धर्मावरील विश्वास त्या वाचनाने अधिक दृढ झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

२. स्मशानातील भिंत

ह्याच सुमारास बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून दुसरे यहूदी व्यापारासाठी मुंबईस आले. त्यांत दाविद ससून हा प्रमुख होय. पुण्याचे ससून रुग्णालय आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. ते ह्याच गृहस्थाच्या देणगीने १८६७ साली उघडले, आणि आजपर्यंत लक्षावधी गरिबांनी तेथे औषधपाणी घेतले आहे. हे दान मोठे खरे. परंतु ह्याच बगदादी समाजाने १८३६ साली सरकारकडे अर्ज केला, की यहूदी लोकांच्या स्मशानात आमच्या थडग्यांमध्ये व बेने इस्राएलांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी.

येथे थोडे थांबून विचार करावा. दोघांचा देव एक, दोघांचे शास्त्र एक, दोघांचा शब्बाथ एक. आणि मेल्यावरही एकाच मातीत शेजारी निजावयाचे नाही! यहूदी लोकांत असा नियम आहे, की सार्वजनिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष पाहिजेत. बगदादी लोक ह्या दहांत बेने इस्राएल मनुष्यास मोजीत नसत, आणि नियमशास्त्र वाचण्यास त्यास पुढे बोलावीत नसत. ते कारण असे सांगत, की हे लोक ह्या देशच्या लोकांत मिसळले आहेत, आणि विवाह व घटस्फोट ह्यांविषयींचे धर्माचे नियम त्यांनी नीट पाळिले नाहीत. परंतु कारणाच्या आड दुसरे एक कारण होते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने आपली गणना युरोपियनांत व्हावी अशी ह्या धनिकांची इच्छा होती. आणि काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या भाऊबंदांमुळे त्या इच्छेस बाध येत होता.

ब्रह्मदेशात रंगून येथे हाच प्रश्न न्यायालयात गेला. तेथील सभास्थानाच्या कारभारात मत देण्याचा व विश्वस्त म्हणून निवडून येण्याचा अधिकार बेने इस्राएलांस नाही, असे बगदादी मंडळी म्हणत होती. १९३५ साली तेथील उच्च न्यायालयाने निकाल दिला, की बेने इस्राएल हे यहूदीच आहेत व त्यांस हे अधिकार आहेत. त्यांनी हात उगारिला नाही, सभास्थान सोडून दुसरीकडे गेले नाहीत. जे आपले आहे ते कायद्याने मागितले.

३. गोरे आणि काळे

येथपर्यंतची गोष्ट ऐकून वाचक म्हणेल, की बेने इस्राएल बिचारे निर्दोष आणि बगदादी गर्विष्ठ. आता जे सांगावयाचे आहे ते लक्ष देऊन ऐकावे, कारण पाठाचे मर्म येथे आहे.

बेने इस्राएलांत स्वतःमध्येच दोन वर्ग होते. एकास गोरा इस्राएल म्हणत आणि दुसऱ्यास काळा इस्राएल. हे शब्द इब्री नव्हेत, आपल्या मराठीतले आहेत. ज्यांचे दोन्हीकडील पूर्वज यहूदी, ते गोरे. ज्यांच्या कुळात यहूदी पुरुषाने परजातीची स्त्री केली होती असे मानीत, ते काळे. कातडीचा रंग प्रत्यक्षात कसाही असो, नाव मात्र तेच. गोरे इस्राएल काळ्या इस्राएलांशी सोयरीक करीत नसत आणि त्यांच्यासंगे जेवत नसत. बगदादी मनुष्य बेने इस्राएलाविषयी जे म्हणे, की तुमच्यात परके रक्त मिसळले आहे, तेच शब्द बेने इस्राएल आपल्या घरातील दुर्बळ भावास म्हणत होता.

बंधुभगिनींनो, अन्याय हा रोगाच्या संसर्गासारखा आहे. ज्यास तो लागतो तो नकळत दुसऱ्यास लावितो. वरच्याने आपल्यास ढकलिले म्हणजे मनुष्य पहिल्याने आपल्याखाली कोणी आहे की काय हे पाहतो, आणि कोणी सापडला तर त्यास थोडे समाधान वाटते.

परंतु देवाची दया अशी, की हा समाज तेथेच थांबला नाही. विसाव्या शतकात शिक्षण वाढले, शहरातील एकत्र राहणी वाढली, आणि विचारी लोकांस ह्या भेदाची लाज वाटू लागली. गोरा-काळा हा भेद हळूहळू मावळत गेला. हैम सामुएल केहिमकर ह्यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढिली होती. ज्ञानाने काय होते ह्याचे एक उदाहरण डॉक्टर जेरुशा झिराड ह्या बाईंचे आहे. त्यांचा जन्म १८९० चा. लंडनला जाऊन त्यांनी स्त्रीरोग व प्रसूती ह्या विषयांतील उच्च पदवी मिळविली, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या मुख्य होत्या. बाळंतपणात स्त्रिया का मरतात ह्याची मुंबई शहरात त्यांनी कसून चौकशी केली. त्यांच्या खाटेवरील स्त्री कोणत्या जातीची, हा प्रश्न त्यांच्या शास्त्रात नव्हता. १९२५ साली त्यांनीच पुढाकार घेऊन मुंबईत एक उदार विचारांची यहूदी धर्मसंस्था स्थापिली.

४. यरुशलेमातील बैठक

१९४८ साली इस्राएल हे राष्ट्र उत्पन्न झाले, आणि बेने इस्राएल लोक मोठ्या आशेने तिकडे जाऊ लागले. ज्या भूमीकडे तोंड करून पूर्वजांनी प्रार्थना केली त्या भूमीत तरी आपली पायरी कोणी विचारणार नाही, असे त्यांस वाटले. तेथे त्यांस कष्टाची कामे मिळाली, वर्णावरून हिणविणारे बोल ऐकावे लागले. १९५१ व १९५२ साली त्यांतील काहींनी, भारतात शिकलेल्या मार्गाने, धरणे व उपोषण करून आम्हांस परत पाठवा अशी मागणी केली, आणि काहीजण खरोखरच परत आले.

पुढे याहून कठीण प्रसंग आला. १९६२ साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाह नोंदणाऱ्यांस अशी आज्ञा केली, की बेने इस्राएल मनुष्य दुसऱ्या यहूदी मनुष्याशी विवाह करू इच्छील, तर त्याच्या आईची, आजीची आणि होईल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. स्मशानातील भिंत आता लग्नमंडपात आली. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत विचारिलेला प्रश्न यरुशलेमात विचारिला गेला : तुमच्या रक्तात परके कोण?

ह्या वेळी बेने इस्राएल गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात नाना गावांहून त्यांची कुटुंबे यरुशलेमास आली, आणि मुलाबाळांसह त्यांनी तेथे धरणे धरिले. कित्येक दिवस ते उठले नाहीत. इतर यहूदी लोकांतूनही त्यांच्या बाजूने आवाज उठला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेची खास बैठक भरली, आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहूद्यांच्या बरोबरीचे यहूदी आहेत असे सरकारच्या वतीने जाहीर करण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्माधिकाऱ्यांनी आपल्या आज्ञेतून बेने इस्राएल हे नाव काढिले. कोकणातील तेल्यांच्या नातवंडांनी, सत्याग्रहाच्या वाटेने जाऊन, आपला वंश नव्हे तर आपला अधिकार सिद्ध केला.

५. दुसऱ्यांसाठी उभे राहिलेले

आपल्यापुरता न्याय मागणे हे पहिले पाऊल होय. दुसऱ्याच्या घरातील न्यायासाठी झिजणे हे त्यापुढचे. यहूदी लोकांत अशीही माणसे झाली.

कोचीन येथे गोऱ्या यहूद्यांचे एक जुने सभास्थान आहे. दास्यातून मुक्त झालेल्या लोकांच्या वंशजांस तेथे बाकांवर बसण्याचा मान नव्हता; इतरांबरोबर त्यांस पुरण्यातही येत नसे. अब्राहाम बराक सालेम हे त्याच वर्गातले. ते शिकून वकील झाले, आणि महात्मा गांधींच्या रीतीने, सभास्थानाच्या आतच, शांतपणे हा भेद मोडण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा केला. ते १९६७ साली वारले. त्यांच्या हयातीतच ते जुने निर्बंध सैल पडले होते.

दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजुरांच्या हक्कांसाठी सत्याग्रह चालला, तेव्हा हर्मन कॅलनबॅक ह्या यहूदी गृहस्थाने १९१० साली आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रही कुटुंबांस राहण्यासाठी दिली. हेन्री पोलाक हा दुसरा यहूदी त्यांच्यासंगे १९१३ साली तुरुंगात गेला. दोघेही कातडीने गोरे होते. गप्प राहिले असते तर त्यांचे काहीच बिघडले नसते.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड सभा भरली. तीत जर्मनीतून परागंदा झालेले धर्मगुरू योआखीम प्रिन्झ बोलले. हिटलरच्या राज्यात आपण जे पाहिले त्यावरून त्यांनी सांगितले, की द्वेषापेक्षाही सज्जनांचे मौन अधिक घातक आहे. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा गावाहून निघालेल्या मोर्चात धर्मगुरू अब्राहाम हेशेल मार्टिन लूथर किंग ह्यांच्या रांगेत चालले. त्याच्या आदल्या वर्षी मिसिसिपी प्रांतात मतदानाच्या हक्काचे काम करणारे तीन तरुण मारले गेले. त्यांतील एक काळा होता, दोघे यहूदी होते.

सर्वच यहूदी असे होते असे मात्र समजू नये. प्रत्येक समाजात पुढे जाणारे थोडे व पाहत राहणारे पुष्कळ असतात. तसेच यहूदी लोकांचे दोष दाखविण्यासाठीही कोणी हा पाठ वापरू नये. ज्या लोकांचे साठ लाख जीव हिटलरच्या राज्यात घेण्यात आले, आणि ज्यांचा द्वेष पुष्कळ शतके ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीच केला, त्यांजपुढे आपण न्यायाधीश होऊन बसणे शोभत नाही. आपण त्यांजपाशी शिष्य म्हणून बसावे.

६. शास्त्र काय सांगते

गणनेच्या बाराव्या अध्यायात मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागली, असे सांगितले आहे. कूश देश मिसराच्या दक्षिणेस, काळ्या वर्णाच्या लोकांचा. मिर्याम ही काही परकी किंवा दुष्ट स्त्री नव्हे. ती मिसरात दासी होती, दास्यातून सुटली होती, समुद्राच्या पलीकडे तिने डफ घेऊन गाणे गायिले होते. तिनेच आता भावजयीच्या कुळावर बोट ठेविले. तेव्हा तिच्या अंगास कोड फुटले आणि ती पांढरीफटक झाली. मोशेने तिच्यासाठी प्रार्थना केली. सात दिवस ती छावणीबाहेर राहिली. आणि ती परत आत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलविला नाही. एका घरातील भेदामुळे सर्व इस्राएलाची वाट थांबली, हे उपदेशकाने मुद्दाम दाखवावे.

आमोस संदेष्ट्याच्या द्वारे देव इस्राएल लोकांस विचारतो, की तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय? म्हणजे निवडलेले असणे हे दुसऱ्याच्या डोक्यावर बसण्याचे आसन नव्हे. आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. तिचे कारण तेथेच दिले आहे : तुम्हीही मिसरात परके होता. ज्याने दुःख पाहिले त्याच्यावर अधिक ओझे आहे.

७. आपल्यासाठी

आपल्या ह्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे १९४१ साली डॉक्टर आंबेडकर ह्यांच्या उपस्थितीत महार व मांग वतनदारांची परिषद भरली. दोन्ही जातींस एकत्र बोलाविले ह्याचे कारण उघड आहे : दोघांवरील जुलूम एक होता, तरी दोघांमध्ये भिंत होती.

ती भिंत आज मंडळ्यांत नाही काय? एकाच पेल्यातून प्रभूभोजन घेणारी दोन कुटुंबे मुलाच्या सोयरिकीच्या वेळी एकमेकांस पूर्वीची जात विचारतात. एका वाडीचा पाळक दुसऱ्या वाडीस चालत नाही. प्रेतासही कोणत्या बाजूस पुरावे ह्यावरून बोलाचाली होते. गावाने आम्हांस माणूस म्हणून वागवावे असे आपण म्हणतो, आणि ते म्हणणे योग्य आहे. परंतु आपण त्याच तोंडाने दुसऱ्यास काय म्हणतो? बेने इस्राएलांची यरुशलेमातील मागणी ऐकण्यासारखी झाली, ह्याचे एक कारण हे, की तोवर त्यांच्या घरातील गोऱ्याकाळ्याचा भेद पुष्कळ ओसरला होता. नाही तर तेथील अधिकारी त्यांस उलट विचारते, की तुम्ही तरी आपल्या काळ्या भावास मुलगी देता काय?

बाहेरची भिंत पाडण्यास कायदा लागतो, सत्याग्रह लागतो, आणि कधी पिढ्या लागतात. आपल्या अंगणातील भिंत पाडण्यास आपल्यावाचून कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून तिजपासून आरंभ करावा; आणि ती पडेपर्यंत मिर्यामसाठी थांबलेल्या लोकांप्रमाणे आपणही मुक्काम हलवू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. गावकरी बेने इस्राएलांस शनिवार तेली का म्हणत? त्या नावात त्यांचा धर्म व त्यांची पायरी ही दोन्ही कशी दिसतात?

२. बगदादी लोकांनी भिंत मागितली आणि बेने इस्राएलांनी गोरा-काळा भेद पाळिला. ह्या दोन गोष्टींत साम्य कोणते?

३. मिर्यामने स्वतः दास्य भोगिले असता तिच्या हातून ही चूक कशी झाली असेल?

४. आपल्या मंडळीत पंगत, सोयरीक किंवा स्मशान ह्यांपैकी कोठे भिंत आहे? ती पाडण्यास ह्या वर्षी कोणते एक काम आपण करू?

उपदेशकास सूचना : चौथ्या प्रश्नाचे उत्तर घाईने घेऊ नये. कोणाचे नाव घेऊन दोष लावू नये. आरंभ स्वतःच्या घरापासून करावा, म्हणजे इतरांस बोलण्याचे धैर्य येईल.